ओवाळणीत मागितलेलं गाव

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कोणी विचारत नसे. फॅक्टरीचा पहिला भोंगा झाला की आई शेगडी पेटवायची, दुसऱ्याला आबा सायकल बाहेर काढायचे आणि संध्याकाळच्या भोंग्याला मी अभ्यासाला बसल्याचं सोंग आणायची. भोंग्याखेरीज दुसरा आवाज होता तो रेंजचा. तयार मालातले काही तोफगोळे डोंगराकडच्या मोकळ्या मैदानात उडवून पाहत, त्या जागेला सगळी वसाहत रेंज म्हणायची. धडाका झाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या आणि आई वरणाला फोडणी देता देता म्हणायची, "चलो, पास झाला." शहरात चेरीतालला राहणारे आमचे नातेवाईक राहायला आले की पहिल्या धडाक्याला दचकून उठून बसायचे. आम्ही मुलं त्यांना पोट धरून हसायचो. तोफेच्या आवाजाला आम्ही हसत होतो हे आज लिहिताना विचित्र वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं, कारण तो आमच्या रोजच्या भाकरीचा आवाज होता.

आबा त्या फॅक्टरीत चार्जमन होते. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी गोळे लाकडी पेट्यांत नीट बसवायचे, झाकणं लावायची, वरून रंगाने खुणा करायच्या आणि पेट्या सायडिंगला उभ्या असलेल्या मालगाडीत चढवायच्या, असं ते काम. आत जाताना काडेपेटी काढून ठेवायची, चपला बदलायच्या, अंगठीसुद्धा चालत नसे. या शिस्तीचा आबांना असा काही अंमल चढला होता की घरीही ते काडेपेटी हातात घेत नसत. देवापुढचा दिवा आईनेच लावायचा. आबा लांब उभे राहून हात जोडायचे. आई म्हणायची, "देव काय बारुदाचा आहे काहून?" आबा हसायचे, पण पुढे यायचे नाहीत. मी त्यांना कधीही कुठली वस्तू आपटताना पाहिलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा ते दोन्ही हातांनी, आवाज न करता ठेवत.

असा हा मऊ माणूस, पण जगात कुठेही लोक सरकारविरुद्ध उभे राहिल्याची बातमी आली की त्याच्या अंगात वारं शिरायचं. त्याला कारण होतं. गोऱ्यांचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हा आमच्याच शहराच्या छावणीतले देशी शिपाई बराकी सोडून घोषणा देत रस्त्यावर आले होते. आबा तेव्हा शाळकरी पोरगे. ते त्या शिपायांच्या बाजूने धावत गेले होते आणि कोणाच्या तरी घरातून मागून आणलेली पाण्याची कळशी त्यांनी रांगेतल्या एका शिपायाच्या ओंजळीत ओतली होती. ही हकीकत आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की आबा श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य मी म्हणायची. पुढे त्या शिपायांचं काय झालं हे मात्र ते सांगत नसत. पाणी पिणाऱ्याने डोक्यावर हात ठेवून "जियो बेटा" म्हटलं, तिथे ती गोष्ट संपायची. त्यानंतर कुठल्याही देशातल्या कुठल्याही चौकात लोक जमले की आबांना त्यात तोच शिपाई दिसत असावा. रात्री जेवताना ते आईला पेपर वाचून दाखवायचे, विद्यार्थी, मजूर, अंगावर रणगाडे आले तरी न हटलेली माणसं. आई विचारायची, "तुम्ही भात घेऊन राहिले की दुनिया सुधारून राहिले?"

शेजारच्या क्वार्टरमध्ये बुलूकाकी राहत. काका फॅक्टरीच्या हिशेब खात्यात, दोघंच, मूलबाळ नाही. आमच्या आणि त्यांच्या व्हरांड्याच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. काकींकडे मोहरीच्या तेलात मासे तळले जायचे तेव्हा सुरुवातीला आई नाकाला पदर लावून आत जायची. मग एकदा मी तापाने फणफणले असताना काकींनी चार दिवस माझ्या उशाशी बसून काढले आणि आईचा पदर नाकावरून कायमचा उतरला. भिंतीवरून वाट्या जाऊ-येऊ लागल्या. इकडून कोथिंबिरीची सांबारवडी, तिकडून खजुराच्या गुळाची खीर. वाटी कधी रिकामी परत गेली नाही. काकींचं हिंदी असं की त्यात बायकासुद्धा पुरुष होऊन बोलायच्या. "हम आता है," म्हणत त्या यायच्या आणि "हम जाता है," म्हणत तासाभराने उठायच्या. वसाहतीतली मुलं नक्कल करायची. काकी स्वतःच त्यांना नक्कल चुकली तर दुरुस्त करून द्यायच्या.

त्यांचं माहेर सरहद्दीच्या पलीकडे होतं, पूर्व बंगालमध्ये. शिउलीडांगा नाव. शिउली म्हणजे आपला पारिजातक, हे सांगताना त्या ओंजळ करून दाखवायच्या. नदी, घाट, घाटावर तागाचं मोठं गोदाम आणि गोदामाच्या मागे त्यांचं घर. तिथे त्यांची म्हातारी आई आणि धाकटा भाऊ खोकन. फाळणीत बाकीचे नातेवाईक इकडे आले, पण त्यांच्या आईने घर सोडलं नाही. काकी लग्न होऊन इकडे आल्या त्या आल्याच. सरहद्दीने त्यांचं माहेरपण बंद केलं होतं.

त्या वर्षी पलीकडे वणवा पेटला. तिथल्या लोकांनी मतं देऊन आपली माणसं निवडली होती. लांब बसलेल्या लष्करी सरकारला ती निवड मानायची नव्हती. लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्यावर फौज सोडली. पुढचं आम्ही रेडिओवर ऐकत गेलो. गावं जाळली, मास्तरांना घरातून ओढून नेलं, बायकांचं काय झालं ते आई मला ऐकू द्यायची नाही. माणसांचे लोंढे सरहद्द ओलांडून येऊ लागले. काकींची आई त्यांत नव्हती. खोकन बंडखोरांमध्ये सामील झाला होता आणि तो आसपासच्या रानात आहे तोवर मी हलणार नाही, असा तिचा निरोप कोलकात्याच्या एका मामांकरवी आला होता. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला काका-काकी भिंतीपलीकडे खुर्च्या टाकून बसायचे, इकडे आबा रेडिओची सुई सरकवत बसायचे. काकी पदराचं टोक चावत ऐकायच्या. बातम्या संपल्या की आबा न चुकता म्हणायचे, "बुलू, लोक उठले ना, की मग त्यांना कोणी बसवू शकत नाही. तू पाहून घे."

माझा नातू परवा मला मोबाइलवर कुठल्याशा देशाच्या राजधानीतली गर्दी दाखवत होता. लाखभर पोरंपोरी, हातात झेंडे, राजवाड्याच्या पायऱ्या चढतायत. "आजी, देख ना, क्या सीन है!" तो म्हणाला. त्याला मराठी समजतं, पण तोंडात हिंदीच येतं. मला खरंच आनंद झाला. अजून होतो. जुलमी माणूस पळताना पाहिला की माझ्यातली आबांची मुलगी टाळ्या वाजवते. पण मग मी त्या चित्रात मागची घरं शोधायला लागते, कोणाची खिडकी उघडी आहे, कोणाचे कपडे वाळत आहेत. नातू कंटाळून निघून गेला. त्याला काय सांगणार होते मी?

मग त्या वर्षीची दिवाळी आली. आमची भाऊबीज आणि त्यांचा भाईफोंटा एकाच दिवशी. खोकन लांब, म्हणून काकी दर वर्षी आबांना टिळा लावायच्या. डाव्या हाताच्या करंगळीने कपाळाला चंदन लावताना भावाच्या वाटेत यमाने पाऊल टाकू नये असं काहीतरी बंगालीत पुटपुटायच्या. मग आमच्या पद्धतीने ओवाळायच्या, कारण आई म्हणायची, "फुकटात दोन्ही करून घ्या." आबा ओवाळणीत साडी घालायचे. त्या वर्षीही आईने निळ्या काठाची साडी आणून ठेवली होती. काकींनी ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि साडीला हात लावला नाही.

"दादा, इस साल हम जो माँगेगा, वो देगा?"

"माग ना," आबा म्हणाले. "भावाकडे मागून नाही राहिलीस तर कोणाकडे मागशील?"

"आपका पेटी जाता है ना गाड़ी में? एक पेटी पर हमारा गाँव का नाम लिख दो। शिउलीडांगा। पहले हमारा गाँव छूटेगा।"

 पेट्यांवर खडूने काहीबाही लिहायची चाल होती. कोणी बजरंगबलीचं नाव लिहायचं, कोणी बायकोचं. साहेब लोक तिकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचे. पण आबांनी स्वतः कधी लिहिलं नव्हतं. पेटीवर खुणेखेरीज दुसरं अक्षर असू नये, असं त्यांचं मत. काका ओशाळून म्हणाले, "अरे बुलू, ये कोई माँगने का चीज है? वहाँ लड़ाई भी नहीं लगा अभी।"

"लगेगा," काकी म्हणाल्या. "और दादा भाई है हमारा।"

ओवाळणीला नाही म्हणायचं नसतं. आईने आबांकडे पाहिलं. आबा हसले आणि म्हणाले, "अच्छा, लिहून टाकीन. पण साडी पण घेऊन जा, नाही तर तुझी वहिनी ती मलाच नेसवंल." सगळे हसले. काकींनी आबांना वाकून नमस्कार केला. आमच्याकडे बहीण मोठ्या भावाच्या पाया पडत नाही, म्हणून आबा घाईने मागे सरकले आणि पाटावर अडखळले. मी पुन्हा हसले.

त्यानंतर फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. आबांचा डबा दोनदा जायला लागला. दुसरा डबा मी सायकलवरून गेटपर्यंत नेऊन द्यायची. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज सांगितलं, "लिहिलं बरं का. मोठ्या अक्षरात. सेक्शनमधला सरमा विचारून राहिला होता, हे कोणत्या देवाचं नाव आहे." आईने भिंतीपलीकडे हाक मारून ते काकींना तिथल्या तिथे कळवलं. तिकडून शंख वाजला. आमच्या रांगेतल्या सगळ्या क्वार्टरांमधून माणसं बाहेर आली, काय झालं म्हणून.

मग खरोखरच लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, सायकलच्या दिव्याला काळा रंग फासला. रेंजवर दिवसभर धडाके. माल घाईत तपासून घाईत जात होता. त्या दिवसांतल्या काकी मी विसरू शकत नाही. प्रत्येक धडाक्याला त्या हातातलं काम सोडून नमस्कार करायच्या. भाजी चिरताना, केस विंचरताना, एकदा तर दारावर आलेल्या बोरंवालीशी घासाघीस करताना. बोरंवालीला वाटलं, बाईला वेड लागलं. आई तिला समजावत म्हणाली, "अगं, तो आवाज तिच्या माहेरी चालला आहे."

लढाई लवकर संपली. आबा त्या दिवशी भोंग्याची वाट न पाहता घरी आले, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी शहरातल्या कमानिया गेटवरून खव्याची जलेबी आणली होती, पुडा तुपाने पारदर्शक झालेला. भिंतीवरून जाण्याऐवजी त्या दिवशी आम्ही सगळे काकींकडे पुढच्या दाराने गेलो, वाजतगाजत. आबांनी स्वतःच्या हाताने काकींच्या तोंडात जलेबी घातली आणि ओरडले, "सुटलं! सुटलं ना तुझं गाव!" त्यांना ओरडताना मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलं नाही. कुठलाही देश असा आपल्या डोळ्यांपुढे जन्मत नाही. आमच्यापुढे जन्मला होता, आणि आमच्या रांगेतल्या प्रत्येक बाईला वाटत होतं की बाळंतपण आपणच केलं.

तार दहा-बारा दिवसांनी आली. कोलकात्याच्या मामांची. काकींची आई वारली, एवढंच. माझ्या आईने लगेच भात-पिठलं करून नेलं, शेजारणी बसायला गेल्या. म्हातारं माणूस, दगदगीने गेलं असेल, असं सगळे धरून चालले. मग मामांकडून सविस्तर कळलं, आणि ते काकांनी आबांना फॅक्टरीच्या गेटबाहेर, सायकली हातात धरून उभे असताना सांगितलं. पळणाऱ्या फौजेने घाटावरच्या तागाच्या गोदामात ठाण मांडलं होतं. आपल्या तोफांनी गोदामावर मारा केला. काही गोळे पुढे गेले. गोदामाच्या मागे घरं होती.

आबा घरी आले, सायकल लावली आणि व्हरांड्यातच खाली बसले. आईने कितीदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. आईने कपाळावर हात मारून घेतला. मग भिंतीकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाली, "तुमच्या पेटीचं काय घेऊन बसले तुम्ही? ती तिकडं पंजाबच्या सरहद्दीवर गेली असंल. इथं रेंजवरच उडाली असंल. खडूनं लिहिलेलं पाहून कोणी तोफ लावते का?"

"नाही लावत," आबा म्हणाले.

"मग?"

"मी लिहिलं होतं, सुधा. मी नाव लिहून पाठवलं."

 आई आत गेली आणि मला जवळ ओढून रडायला लागली. मला पूर्ण कळलं नव्हतं, पण मीही रडले. मला काकींच्या आईसाठी रडू आलं नाही, मी तिला पाहिलंही नव्हतं. बाहेर आबा एकटे बसले होते, म्हणून आलं.

काकींनी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. भांडलेली घरं कधीतरी बोलतात. आईने खीर पाठवली तर वाटी घासून, पुसून, रिकामी भिंतीवर ठेवलेली असायची. संध्याकाळच्या खुर्च्या आल्या नाहीत. काकी आबांना टाळत होत्या की स्वतःला, कोण जाणे. मागितलं तर त्यांनीच होतं. रेंजवर धडाका झाला की पलीकडून दार लावल्याचा आवाज यायचा. मग थोड्या वेळाने पुन्हा धडाका, पण दार आधीच लावलेलं. आईने "पास झाला" म्हणणं सोडून दिलं. फोडणी करपली तरी ती तशीच उभी राहायची.

आणि आबा रोज कामावर जात होते. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस नोकरी सोडतो, साधू होतो. तसं काही झालं नाही. घर चालायचं होतं, माझं शिक्षण होतं. फक्त त्यांच्या सेक्शनमधून पेट्या कोऱ्या जायला लागल्या. कोणी काही लिहिलेलं दिसलं की आबा ओल्या फडक्याने पुसायचे. हाताखालची माणसं चिडायची, म्हणायची, बाबूजी, लड़ाई जीत गये, अब तो खुश हो जाओ. पेपर यायचा, पण आबा तो मनात वाचायचे. आई मुद्दाम विचारायची, "काय म्हणून राहिली दुनिया?" आबा म्हणायचे, "ठीक आहे."

मी पुढे इतिहास शिकवला, जन्मभर. उठावांवर मुलींना तावातावाने शिकवलं. त्या लोकांनी उठायला नको होतं का? हवंच होतं. आपण मदत करायला नको होती का? मी आजही म्हणेन, करायलाच हवी होती, आणि जो मला उलट सांगेल त्याच्याशी या वयात भांडेन. पण फळ्यावर मी कधी नकाशा काढला आणि बाण काढला, हे सैन्य असं आलं, की माझा हात जड व्हायचा. बाण जिथे टेकतो तिथे कोणीतरी राहत असतं. एवढं सांगायला मला पुस्तकात जागा सापडली नाही. वर्गातही धीर झाला नाही.

उन्हाळ्यात काका रजा काढून काकींना घेऊन गेले. इतक्या वर्षांनी त्या माहेरी चालल्या होत्या. निघताना त्यांनी आईचा निरोप घेतला. आबा आतच होते. आई म्हणाली, "जाऊन बोला ना." आबा चपला शोधत राहिले, आणि तेवढ्यात रिक्षा निघून गेली. पुढचे दिवस ते भिंतीपलीकडच्या तुळशीला पाणी घालत होते. कोणी सांगितलं नव्हतं. काकी परत आल्यावर काय सांगतील, याची त्यांना ओढ होती आणि भीतीही. त्यांना बहीण राहिली आहे की नाही, हे त्यांना तेव्हा कळणार होतं.

त्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या दारातून आमच्याकडे आल्या. सुट्टीचा दिवस होता, आबा घरी होते. काकी वाळल्या होत्या, उन्हाने काळवंडल्या होत्या. आईने पाणी दिलं. त्या जमिनीवरच बसल्या, आबांच्या समोर. आबा खुर्चीवरून उठले आणि तेही खाली बसले. मी दाराला धरून उभी होते.

"खोकन अच्छा है," काकी म्हणाल्या. "स्कूल खोला है।"

आबांनी मान हलवली.

"दादा, गाँव का सब लोग आया मिलने। हमारा हाथ पकड़ के बोला, तुम लोग ने हमको बचाया। जिधर माँ गया, उधर ही खड़ा होके बोला। सब रोता था और धन्यवाद देता था।" त्या थांबल्या. "हम क्या बोलता? हमने ले लिया। इतना दूर से उठा के लाया है। अब ये आप रखो, दादा। हमसे नहीं रखा जाता।"

 आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकींनी ते हात धरून खाली घेतले आणि सोडले नाहीत. मग त्या हळूहळू सांगू लागल्या, खोकनने त्यांना सांगितलं होतं तसं. तोफांचा आवाज जवळ आला तेव्हा शेजारचे सगळे नदीकाठच्या खंदकात गेले. काकींच्या आईला बोलवायला माणूस आला, तर ती चुलीपाशी. म्हणाली, ही आपल्या माणसांची तोफ आहे, ते लोक येतायत, उपाशी असतील. तिने घरातले सगळे तांदूळ मोठ्या हंडीत चढवले होते. लाकडं कमी पडली म्हणून ती अंगणात गेली, ती तिथेच राहिली. चूल आत होती, चुलीला काही झालं नाही.

माझी आई पदर तोंडात कोंबून उभी होती.   काकींचे हात आबांच्या हातात तसेच होते.

"भात झाला होता का, बुलू?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"हाँ दादा," काकी म्हणाल्या. "हो गया था। शाम को आपका सिपाही लोग आया ना, उनको वही खिलाया।"